पुरवणीतल्या तक्त्याला अजून तीन ओळी हव्यात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं नव्या मोबाईलचं पान मी सगळ्यात आधी वाचते, राशिभविष्याच्याही आधी. सांगलीत हरभट रस्त्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी अर्धा दिवस उघडते, आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत चहाबरोबर ते पान संपलेलं असतं. गेल्या रविवारी आपण सहा नव्या फोनचा तक्ता छापला होता. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, चार्जिंग किती वॉटचं, स्क्रीन किती हर्ट्झची, वजन किती ग्रॅम. खाली एका फोनबद्दल लिहिलं होतं, ‘हातात धरल्यावर प्रीमियम वाटतो’. पान आवडलं. पण त्या तक्त्यात तीन ओळी कमी आहेत (डिस्प्ले बदलायला किती पडतात, अपडेट कधीपर्यंत मिळतात, बॅटरी कशी निघते), आणि त्या नसल्यामुळे काय होतं ते रोज माझ्या काउंटरवर येऊन पडतं, म्हणून हे पत्र.

दुकान मूळचं वडिलांचं, घड्याळदुरुस्तीचं. भावाला त्यात रस नव्हता. मी कॉलेजातून आले की त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. एचएमटी ‘जनता’चे स्क्रू ज्या चिमट्याने उचलायला शिकले, त्याच चिमट्याने पुढे चार्जिंग जॅक बसवले. डोळ्याला लावायचं भिंगसुद्धा त्यांचंच. नवं गिऱ्हाईक आजही विचारतं, ‘ताई, दुरुस्तीवाले दादा कधी येतील?’ मी हातातलं हॉट एअर (गरम हवा सोडणारं यंत्र) खाली न ठेवता सांगते, ‘आलेत. बोला.’

सांगायचा मुद्दा असा की मला नव्या वस्तूंचं वावडं नाही. वेड आहे म्हटलं तरी चालेल. नोकियाचा एन-गेज २००३ साली आला, फोन आणि गेम एकाच डबीत. बोलायचं तर तो कानाला उभ्या कडेने लावावा लागायचा आणि गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण उघडून आधी बॅटरी काढावी लागायची. जग हसलं, मला मात्र हवा होता. शेवटी बऱ्याच वर्षांनी एक जुना मिळाला, तो अजून कपाटात आहे आणि चालतो. बंगळुरूच्या ‘अमिडा सिम्प्युटर’चं २००४ सालचं कात्रणही मी जपून ठेवलं आहे. हातात मावणारा संगणक, एकच यंत्र गावातल्या अनेकांनी वापरायचं, प्रत्येकाचं स्मार्टकार्ड मात्र वेगळं. तो चालला नाही, पण आपल्याकडे कुणीतरी असा विचार केला होता याचं मला अजून कौतुक आहे.

आताचंच सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ आला. त्याच्या बॅटरीखालचा चिकटा असा आहे की त्याला ९ व्होल्टचा करंट दिला की साधारण दीड मिनिटात बॅटरी आपोआप सुटते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मल्टिमीटरमध्ये असते ती चौकोनी बॅटरीच वापरली. दोन वायरी लावल्या, घड्याळ बघत बसले, आणि चिमट्याने उचलली तर बॅटरी वडीसारखी सुटून हातात. एरवी हेच काम म्हणजे कडेने स्पिरिट सोडा, प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, आणि आत बॅटरीला भोक पडू नये म्हणून श्वास रोखून धरा. भोक पडलं तर धूर, आणि नशीब वाईट असेल तर जाळ. इतकी मोठी सोय झाली आणि त्याबद्दल कोणत्याही पुरवणीत एक ओळ आली नाही. त्याच फोनच्या कॅमेऱ्याच्या नव्या बटणावर मात्र रकानेच्या रकाने.

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या वाचकांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इशाऱ्याची नव्हे तर धोक्याची खूणच ४५ ला आहे. माझ्या दुकानात पाणी काउंटरच्या वर होतं. मी वडिलांचं भिंग, दोन चिमटे आणि पॉवर सप्लाय पिशवीत घालून विश्रामबागेत मावशीच्या घरी गेले होते. पाणी उतरायला लागलं तसे लोक तिथंच फोन घेऊन यायला लागले. प्लॅस्टिकच्या टबात, रुमालात, काहींनी तर तांदळाच्या पिशवीत. (तांदूळ मदतीतून आलेला. तो खायचा सोडून लोकांनी त्यात फोन पुरले होते. त्याने काही होत नाही. चार्जिंगच्या तोंडात कणी अडकते ती सुईने काढायचं काम मात्र वाढतं.)

त्या चार-पाच दिवसांत मला जे दिसलं ते कुठल्या परीक्षणात वाचायला मिळालं नव्हतं. ज्या जुन्या साध्या फोनचं झाकण नखाने उघडतं, त्यांच्या मालकांनी पाण्यातून वर काढल्याबरोबर बॅटरी वेगळी केली होती. ते फोन मी स्पिरिटने धुतले, ब्रशने घासले, हॉट एअरखाली वाळवले, आणि निम्म्याहून जास्त सुरू झाले. सीलबंद महागडे फोन आत बॅटरी जोडलेलीच घेऊन दोन-तीन दिवस पडून होते. करंट चालू असताना पाणी शिरलं की तांबं खाल्लं जातं. उघडले तर आयसींच्या भोवती हिरवट-पांढरी पूड, आणि कनेक्टरच्या पिना जागेवरच नाहीत. त्यातल्या एका फोनच्या खोक्यावर ‘आयपी ६८’ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला होता आणि मालक ते खोकं घेऊन आले होते.

तेव्हा त्या आकड्यांबद्दलही आपल्या पानावर एकदा नीट लिहायला हवं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनीच ठरवते. आणि ही चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते, नव्या कोऱ्या फोनवर. कृष्णेच्या गढूळ पाण्यात, दोन वर्षं खिशात वाकलेल्या फोनवर नव्हे. आतली रबराची आणि चिकट्याची सीलं वापराने सैल पडतात, आणि फोन एकदा उघडला की नवं सील लावल्याशिवाय तो ‘६८’चा राहत नाही. वर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बसत नाही. जाहिरातीत फोन तरणतलावात, वॉरंटीच्या कागदात मात्र कोरडा.

बॅटरी हाताने निघावी की नाही हा प्रश्न केवळ पुराचा नाही. नोकिया ११०० चा टॉर्च ज्यांनी वापरला त्यांना बीएल-५सी ही बॅटरी आठवत असेल. २००७ साली अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात असं कंपनीने जाहीर केलं आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. लोकांना काय करायचं होतं? झाकण सरकवायचं, बॅटरीवरचा लांबलचक नंबर वाचायचा, आणि धोक्याची निघाली तर तेवढी बदलून घ्यायची. फोन तोच. २०१६ साली सॅमसंगच्या नोट ७ मध्ये दोष बॅटरीचाच निघाला, पण बॅटरी आत चिकटवलेली. सुमारे २५ लाख फोन अख्खेच्या अख्खे परत बोलवावे लागले, बदलून दिलेलेही पेटायला लागले, आणि त्या ऑक्टोबरात कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. माझी तरी समजूत अशी की एका झाकणाने त्यातला बराच मनस्ताप वाचला असता. हल्लीच्या सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्यांमुळे बारीक फोनमध्येही सात-सात हजार एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) मावतात, हे खरंच कौतुकाचं आहे. सिलिकॉन चार्ज होताना जास्त फुगतं, म्हणून ते किती मिसळायचं हा त्यांच्या इंजिनिअरांचा डोकेदुखीचा भाग. माझी डोकेदुखी, ती बॅटरी तीन वर्षांनी काढायची कशी, ही.

आता डिस्प्लेकडे येते, कारण माझं निम्मं दुकान त्यावर चालतं. टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटलेला जो भाग असतो त्याला आम्ही ‘फोल्डर’ म्हणतो. घडीचे फोन आल्यापासून त्यावरून रोज घोटाळा होतो. ‘ताई, फोल्डर केवढ्याला?’ विचारलं की आधी विचारावं लागतं, फोन की भाग? (घडीच्या फोनवरून आठवलं. पहिला गॅलेक्सी फोल्ड एप्रिल २०१९ मध्ये परीक्षणाला दिला तेव्हा काही परीक्षकांनी स्क्रीनवरचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला, फोन बंद पडले आणि विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. स्क्रीनगार्ड लावून पोट भरणारे आम्ही लोक त्या आठवड्यात फार हसलो.)

मागच्या महिन्यात मार्केट यार्डातले एक हमालमामा आले. हळदीच्या सौद्यात काम करणाऱ्यांचे फोन मी काउंटरवर ठेवल्या ठेवल्या ओळखते. स्पीकरची जाळी पिवळी, चार्जिंगचं तोंड पिवळं, कव्हर काढलं की आतून वासासकट हळद. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांचे फोन वेगळे. भुरी रोगासाठी धुरळलेलं गंधक आत बसलेलं असतं आणि पिना काळ्या पडलेल्या. असो. मामांचा फोन वर्षाचा, मुलाने पंधरा हजारांना हप्त्यावर घेऊन दिलेला, अ‍ॅमोलेड स्क्रीनचा (ज्याचे ठिपके स्वतःच उजळतात असा). पोतं उचलताना खिशातून पडला आणि फोल्डर गेला. सर्व्हिस सेंटरने साडेसहा हजार सांगितले. माझ्याकडे कॉपी डिस्प्ले बावीसशेला होता. पण तो साधा टीएफटी, म्हणजे मागच्या दिव्याने उजळणारा. स्क्रीनच्या आत अंगठ्याचा सेन्सर असलेल्या अशा फोनला तो बसवला की अंगठा चालत नाही, कारण तो सेन्सर अ‍ॅमोलेडच्या आरपार बघतो आणि टीएफटीच्या मागच्या पांढऱ्या पत्र्यातून त्याला काही दिसत नाही.

मी हे सगळं सांगितलं. मामा बराच वेळ फोनकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘आंगठा न्हाई तर न्हाई. पर त्यो पैशाचा नंबर माझ्या ध्येनात ऱ्हात न्हाई वं.’ त्यांना चार आकडी नंबर पाठ नव्हता. पैसे द्यायचे-घ्यायचे ते अंगठ्यावरच. मी कॉपी बसवला. नंबर त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतला की नाही, माहीत नाही. पंधरा हजारांच्या फोनचा डिस्प्ले साडेसहा हजारांचा, हे त्या मुलाला घ्यायच्या आधी कळलं असतं तर त्याने दुसरा घेतला असता, किंवा निदान साधा बंपर कव्हर तरी लावला असता.

आता अपडेटची ओळ. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत येणारे एक पिग्मी एजंट फोन घेऊन आले. पूर्वी त्यांच्या गळ्यात पावती छापणारं छोटं मशीन असायचं, तेही मीच दुरुस्त करायची. आता पतसंस्थेने अ‍ॅप दिलं आहे. फोन ठणठणीत, बॅटरी मीच बदललेली, स्क्रीनवर ओरखडा नाही. पण अ‍ॅप उघडेना, कारण अँड्रॉइड जुनं, आणि कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलेलं. फोन सेलमध्ये ‘जुनं मॉडेल, भारी सूट’ म्हणून घेतलेला. सूट कशाची होती ते तेव्हा कळलं. अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही खोकं फोडल्यापासून नाही. त्यांनी दोन वर्षांचं आयुष्य आधीच संपलेला फोन घेतला होता. माझ्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि यासारखं वाईट मला दुसऱ्या कशाचं वाटत नाही. सांगून टाकते, सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची, तारीख असते. वाचकांनी आत्ता बघावी.

काही कंपन्या आता हे उघड सांगायला लागल्या आहेत. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हटलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस २४ ला. पण ते महागडे फोन. दहा-बारा हजारांच्या फोनचं काय, हे शोधायला कंपनीच्या वेबसाइटवर दहा वेळा बोट फिरवावं लागतं, आणि ते काम वाचकाचं नाही, पान लिहिणाऱ्याचं आहे.

आपण म्हणाल, बाई स्वतःच्या धंद्यासाठी लिहिते आहे. खरं सांगायचं तर, काचेच्या पाठीचे नाजूक फोन जेवढे खपतील तेवढं माझं भलंच आहे. पाठीमागची काच गेलेला फोन दिवसाला एक तरी येतो. कडक, सरळ उघडणारा, स्वस्त भागांचा फोन आला तर लोक घरीच बॅटरी बदलतील आणि माझ्याकडे कव्हर घ्यायलाच येतील. एचएमडी कंपनीचा स्कायलाइन नावाचा फोन २०२४ साली आपल्याकडेही आला, मागचं झाकण एका स्क्रूवर उघडणारा. माझ्या दुकानात तो अजून एकदाही दुरुस्तीला आलेला नाही. खपला कमी म्हणून की बिघडला कमी म्हणून, तेवढं मात्र मला सांगता येणार नाही.

युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या खोक्यावर फ्रिजवर असतं तसं लेबल लागतं. दुरुस्तीला किती सोपा याला ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी, पडल्यावर किती टिकतो याला श्रेणी, बॅटरी किती वेळा चार्ज होऊन टिकते याचा आकडा. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षं अपडेट, हेही तिथं नियमात आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं, मे २०२५ मध्ये दुरुस्तीच्या श्रेणीबद्दलचा अहवालही सादर झाला. ते लेबल खोक्यावर येईल तेव्हा येईल. तोवर वर्तमानपत्राला कुणी अडवलेलं नाही.

म्हणून विनंती. तक्त्यात ‘रिफ्रेश रेट’च्या, म्हणजे स्क्रीनच्या हर्ट्झच्या, खाली एक ओळ घाला, सर्व्हिस सेंटरला फिटिंगसकट डिस्प्ले केवढ्याला. फोन करून विचारला की सांगतात, मी विचारते. दुसरी, सिक्युरिटी अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या सालापर्यंत. नुसतं ‘चार वर्षं’ नको. तिसरी, बॅटरी कशी निघते. झाकणाने, ओढायच्या पट्टीने, की उष्णता देऊन खरवडून. जागा नसेल तर वजनाची ओळ काढून टाका. दोनशे ग्रॅमचा फोन आणि दोनशे सहा ग्रॅमचा फोन यातला फरक मला भिंग लावूनही कळत नाही.

आणि जमलं तर एक करा. वर्षापूर्वी ज्या फोनला आपण पाचपैकी साडेचार तारे दिले होते, तोच फोन कुणा वाचकाकडून मागून घ्या आणि पुन्हा लिहा. बॅटरी आता किती चालते, चार्जिंगची पिन सैल झाली का, स्क्रीनवर हिरवी उभी रेघ आली का, कॅमेऱ्याच्या काचेत धूळ शिरली का. असं पान मी कापून सिम्प्युटरच्या कात्रणाशेजारी ठेवीन.

आपल्या पानावर लिहिणाऱ्यांना फोन आतून बघायचा असेल तर त्यांनी अवश्य यावं. सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी एक ते तीन गर्दी कमी. पाटीवर ‘मोबाईल’ हा शब्द मी नंतर बाजूला रंगवून घेतला होता, तो पुरात निम्मा धुतला गेला. वडिलांच्या वेळचा ‘घड्याळ दुरुस्ती’ मात्र स्पष्ट वाचता येतो, तीच खूण धरावी.

कळावे,
आपली नियमित वाचक,
हरभट रस्ता, सांगली